विद्यापीठाच्या दारातील भाषा : मुंबई विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आणि मराठी

मुंबई विद्यापीठाच्या ज्या परीक्षेला 'मॅट्रिक्युलेशन' असे नाव होते, ती आपल्या समाजाने शाळेच्या शेवटाची परीक्षा म्हणून ओळखली. 'मॅट्रिक झालेला' म्हणजे शिक्षण पुरे करून नोकरीस लायक झालेला, असाच अर्थ कोल्हापूरकडे घरोघरी रूढ होता. मूळ शब्दाची दिशा मात्र नेमकी उलट आहे. लॅटिनमधील 'मॅट्रिक्युला' म्हणजे नोंदवही, आणि विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव दाखल होणे ते मॅट्रिक्युलेशन. शाळेच्या बाजूने पाहणाऱ्यास जो शेवट वाटला तो विद्यापीठाच्या बाजूने आरंभ होता. गणित, इतिहास, भूगोल हे विषय या परीक्षेत होते खरे. परंतु तिचा खरा कस भाषांच्या लेखी प्रश्नपत्रिकांत लागे, कारण इंग्रजीच्या कागदावर अडकलेला विद्यार्थी इतर विषयांत कितीही हुशार असला तरी दाराबाहेरच राही. या दारात कोणती भाषा विचारली गेली, ती कशा रीतीने विचारली गेली आणि त्या विचारण्याचे परिणाम मराठीवर व मराठी बोलणाऱ्यांवर काय झाले, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भाषेची परीक्षा विद्यार्थ्याचे ज्ञान मोजते अशी आपली समजूत असते. मुंबई इलाख्याचा इतिहास पाहता, तिने त्याआधी भाषांचाच दर्जा ठरविला, असे म्हणावे लागते.

वुडचा शैक्षणिक खलिता १९ जुलै १८५४ चा. त्यात उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचा पुरस्कार आहे, तसाच देशी भाषांच्या संवर्धनाचाही आहे. विद्यापीठांत संस्कृत, अरबी, फारसी यांच्याप्रमाणे देशी भाषांसाठीही अध्यापक असावेत, अशी सूचना त्यात होती. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा, म्हणजे स्वतः न शिकविता परीक्षा घेणाऱ्या व पदव्या देणाऱ्या संस्थेचा. ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. जे विद्यापीठ शिकवीत नाही, त्याच्या हाती शिक्षणाला वळण देण्याचे साधन एकच उरते, ते म्हणजे प्रश्नपत्रिका. जे प्रश्नपत्रिकेत आले ते शाळांत व महाविद्यालयांत शिकविले गेले. जे आले नाही ते मुलाच्या घरी, देवळात, बाजारात कितीही जिवंत असले तरी वर्गाबाहेर राहिले.

मुंबईची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या थोड्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते, आणि १८६२ मध्ये विद्यापीठाचे जे पहिले चार पदवीधर झाले त्यांतही, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे यांच्याबरोबर, हेच दोघे होते. प्रारंभीच्या नियमांत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा निवडताना संस्कृत, ग्रीक, लॅटिन, अरबी, फारसी यांच्या पंक्तीस मराठी-गुजरातीसारख्या देशी भाषाही बसविलेल्या होत्या. ही पंगत फार काळ टिकली नाही. १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच प्रवेशपरीक्षेच्या वरच्या पायऱ्यांवरून देशी भाषांना उठविण्यात आले व पदवीच्या मार्गावर अभिजात भाषाच तेवढ्या उरल्या. या बदलामागील प्रमुख व्यक्ती म्हणजे सर अलेक्झांडर ग्रँट. हे ऑक्सफर्डचे पंडित, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य व पुढे विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या भूमिकेचे सार असे की, पदवीच्या पातळीवर अभ्यासावे असे वाङ्मय देशी भाषांपाशी नाही; ते अभिजात भाषांपाशी आहे, आणि अभिजात भाषांच्या अभ्यासानेच देशी भाषा पुढे समृद्ध होतील.

ग्रँट यांना मराठीचा द्वेष होता असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठात त्या वेळी इंग्रजी वाङ्मयाला तरी स्वतंत्र स्थान कुठे होते? ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवीशाखा १९ व्या शतकाच्या शेवटच्या दशकात निघाली, आणि फ्रेंच, जर्मन आदी आधुनिक भाषांची शाखा तर १९०३ मध्ये. केंब्रिजने आधुनिक भाषांची परीक्षा ऑक्सफर्डच्या काही वर्षे आधी, १८८० नंतरच्या दशकात सुरू केली. जी भाषा माणूस दाईच्या मांडीवर शिकतो किंवा प्रवासात उचलतो तिची विद्यापीठाने परीक्षा काय घ्यावयाची, हा आक्षेप तेथेही होता. ग्रीकची सक्ती दोन्ही विद्यापीठांनी पहिल्या महायुद्धानंतर सोडली. लॅटिनची सक्ती सुटण्यास १९६० हे साल उजाडावे लागले. तेव्हा ग्रँट यांनी मुंबईत आणला तो त्यांच्या देशातील रूढ समज होता. फरक इतकाच की, ऑक्सफर्डच्या दारात लॅटिन लिहून दाखविणारा इंग्रज मुलगा त्या लॅटिनचे भाषांतर स्वतःच्या मातृभाषेत करीत असे. मुंबईच्या दारातील मराठी मुलगा एक परकी भाषा दुसऱ्या परकीयाच्या भाषेत उतरवीत होता.

हा फरक कागदावर कसा दिसे ते पाहू. संस्कृतच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर करावयाचे, आणि इंग्रजी वाक्यांचे संस्कृतात. या गरजेतून जी पाठ्यपुस्तके निर्माण झाली ती आजही आपल्या ग्रंथालयांत आहेत. भांडारकरांची संस्कृतची दोन प्रवेशपुस्तके १८६० च्या दशकातील. ती मूळ इंग्रजीत आहेत. वामन शिवराम आपटे यांचे संस्कृत रचनेवरील मार्गदर्शक पुस्तक १८८१ चे, त्यांचा इंग्रजी-संस्कृत कोश १८८४ चा आणि संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा. पुण्याच्या मुलाने संस्कृत विभक्ती शिकावी ती इंग्रजी स्पष्टीकरणातून, असा हा प्रकार होता. या ग्रंथांची थोरवी वादातीत आहे. जगभरचे संस्कृतचे विद्यार्थी ते अजून वापरतात. परंतु त्यांच्या शेजारी मराठीची फळी ठेवून पाहावी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे विद्यापीठाच्या जन्मवर्षाची. त्यानंतर त्या तोडीचा मराठीचा कोश पाहावयास मिळाला तो 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडशः निघू लागला तेव्हा. मधल्या काळात शालेय गरजेपोटी व्याकरणे निघत राहिली, लहान कोशही झाले. परंतु मोठ्या विद्वानाने आयुष्य वेचावे असे काम मराठीच्या वाट्याला फारसे आले नाही. याचे एकच कारण प्रश्नपत्रिका होती असे कोणी म्हणू नये. तथापि आपट्यांसारख्या बुद्धीच्या माणसाचे श्रम कोणत्या दिशेने गेले, हे पाहताना परीक्षेकडे डोळेझाक करता येणार नाही.

मराठी परीक्षेतून पूर्णपणे नाहीशी झाली होती असे मात्र नाही. ती राहिली, पण निराळ्या कामावर राहिली. इंग्रजीत भाषांतर करण्यासाठी द्यावयाचा उतारा मराठी असे. अशा भाषांतराची तयारी करून देणाऱ्या तर्खडकरांच्या पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेल्या. येथे मराठी हा परीक्षेचा विषय नव्हता, तर परीक्षेचा कच्चा माल होता. उताऱ्यातील मराठी चांगली आहे की वाईट, याला महत्त्व नसे; तिच्यातून इंग्रजी कोणती निघते याला असे. भाषांतरासाठीच रचलेल्या अशा वाक्यांनी कानाला एक वळण लावले, आणि ते वळण मग स्वतंत्र लेखनातही उतरले. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पहिल्याच निबंधाला 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिती' हा विषय घ्यावा, हा योगायोग नव्हे. इंग्रजी शिकलेल्यांची मराठीविषयीची अनास्था व त्यांच्या लेखनातील इंग्रजी वळण, या दोहोंचा त्यांना उबग आला होता. ते स्वतः याच परीक्षांच्या चरकातून निघालेले पदवीधर होते, हे विसरता कामा नये.

याच काळातील एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. इलाख्यात नेमणूक होऊन येणाऱ्या इंग्रज मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषेची परीक्षा देणे भाग असे. जिल्ह्याचा कारभार मराठीत चाले, अर्ज मराठीत येत, साक्षी मराठीत होत. तेव्हा साहेबाला मराठी यावी हे सरकारला रास्त वाटे. म्हणजे मराठीचे लेखी ज्ञान तपासून घेण्यासारखे आहे हे राज्यकर्त्यांना मान्य होते. मात्र ते सरकारच्या सोयीसाठी, विद्यापीठाच्या पदवीसाठी नव्हे. दुसरीकडे मराठी शाळांच्या शेवटी 'व्हर्नाक्युलर फायनल' ही परीक्षा होती. ती मराठीत होई व तिच्यातून प्राथमिक शिक्षक आणि कनिष्ठ कारकून तयार होत. अशी दोन दारे झाली. मराठीच्या दारातून गावाच्या शाळेपर्यंत जाता येई; महाविद्यालयाकडे, वकिलीकडे, मामलेदारीकडे नेणारे दार इंग्रजी व अभिजात भाषेचे होते.

या दुसऱ्या दारावर अभिजात भाषेचा पहारा असल्याचा अर्थ सर्वांना सारखा नव्हता. ब्राह्मण घरातील मुलाला संस्कृतचा निदान नाद परिचयाचा असे. इतरांना तो नसे, आणि काहींना तर संस्कृत शिकविण्यासच नकार मिळे. भीमराव आंबेडकरांना शाळेत संस्कृत घ्यावयाचे होते. ते मिळाले नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पदवीसाठी त्यांच्या भाषा इंग्रजी व फारसी याच राहिल्या. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत हस्तगत केले. 'दुसरी भाषा' या निरुपद्रवी शीर्षकाखाली एका विद्यार्थ्याची जात कशी तपासली जाऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. दुसरी भाषा म्हणून मराठी घेण्याची वाट पदवीपर्यंत मोकळी असती, तर हा प्रसंगच उद्भवला नसता. हेच आंबेडकर १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' काढतात व त्याच वर्षी मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांसमवेत उभे राहतात. ज्या मराठीला पदवीच्या प्रश्नपत्रिकेने मानले नाही तिच्यातच तेथील भाषणे झाली.

देशी भाषांना विद्यापीठात पुन्हा आणण्याच्या चळवळीचा भार रानड्यांनी वाहिला. रानड्यांचा व कोल्हापूरचा एक जुना संबंध आहे : १८६० च्या दशकाच्या अखेरीस ते काही काळ येथे न्यायाधीश होते. त्याआधी सरकारी भाषांतर खात्यात काम करताना मराठी ग्रंथनिर्मितीची मोजदाद त्यांच्या नजरेखालून गेली होती, आणि या अनुभवाचा उपयोग त्यांनी पुढे केला. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचे १८९८ चे टिपण मुळात इंग्रजीत आहे. असे असणे अपरिहार्यही होते, कारण ज्यांचे मन वळवायचे ते सिनेटमध्ये बसलेले होते. मराठीपाशी वाङ्मय नाही या आक्षेपाला त्यांनी भावनेने उत्तर दिले नाही. संतकवी, पंतकवी, बखरी, भाषांतरे, नवे गद्य अशी सारी शिल्लक त्यांनी मांडून दाखविली, आणि पदवीधरांच्या हातून मराठीत पुरेसे लेखन होत नसेल तर त्याचा दोष त्यांना मराठीपासून तोडणाऱ्या व्यवस्थेकडे जातो, असा रोख ठेवला. माझ्या मते या टिपणाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या हिशेबीपणात आहे. अर्थशास्त्रज्ञ वाङ्मयाकडे वळला म्हणजे काय होते, ते त्यात दिसते.

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. मराठीसह इलाख्यातील देशी भाषांना एम. ए. च्या परीक्षेत स्थान मिळाले ते १९०१ मध्येच, त्यांच्या पश्चात. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींनी देशी भाषांची एम. ए. परीक्षा सुरू केली ती १९१९ मध्ये. आणि ऑक्सफर्डच्या ज्या आधुनिक भाषा-शाखेचा उल्लेख वर केला तीही मुंबईनंतर दोन वर्षांनी निघाली. तेव्हा मुंबई या बाबतीत मागे राहिली असे म्हणता येत नाही. परंतु हा प्रवेश विचित्र मार्गाने झाला. मराठीला शिखरावर जागा मिळाली. तेथवर नेणाऱ्या पायऱ्या मागाहून, एकेक करून बांधल्या गेल्या. शिवाय जी परीक्षा अभिजात भाषांसाठी घडविलेली होती तिच्याच साच्यात मराठीला बसावे लागले. जुना ग्रंथ, त्याची पाठचिकित्सा, शब्दांची व्युत्पत्ती आणि भाषेचा इतिहास असे विषय असले म्हणजे मराठीही संस्कृताइतकीच 'कठीण' आहे हे सिद्ध होई. वि. का. राजवाडे यांची ज्ञानेश्वरीची आवृत्ती १९०९ ची, मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ चे. झूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच प्रबंध पुढल्या दशकातला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. हे ग्रंथ विद्यापीठाने लिहविले नव्हेत. राजवाडे तर विद्यापीठीय वर्तुळापासून दूरच राहिले. पण मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासाला जो भाषाशास्त्रीय घाट आला त्याला आधार मिळाला तो अशाच ग्रंथांचा.

आता कोल्हापूरकडे वळू. येथील राजाराम कॉलेज १८८० चे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ येथेच झाला. संस्थानाचा कारभार मराठीत, आणि तोही मोडीत चाले; त्याची दप्तरे येथील पुराभिलेखागारात आजही आहेत. कॉलेज मात्र मुंबई विद्यापीठाला जोडलेले असल्याने त्याच्या दारात तीच इंग्रजी व तीच दुसरी भाषा उभी होती. विद्यापीठाच्या कोणत्याही पायरीवर मोडी वाचता येते का, असा प्रश्न विद्यार्थ्यास कधी विचारला गेला नाही. मराठ्यांच्या इतिहासावर काम करू पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यास एम. ए. झाल्यावर मोडीची बाराखडी गिरवावी लागते, त्याची मुळे या जुन्या व्यवस्थेतही शोधता येतील.

१९२० व ३० च्या दशकांतील राजाराम कॉलेजचे चित्र या दृष्टीने मोठे बोधक आहे. ना. सी. फडके तेथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. १९२८ पासून माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, तेथे आले ते फारसीचे अध्यापक म्हणून. मराठीतील दोन अग्रगण्य लेखक एकाच वास्तूत, आणि शिकवितात काय, तर तत्त्वज्ञान व फारसी! यात कॉलेजचा दोष नव्हता. प्रश्नपत्रिका ज्या विषयांच्या असत त्यांचीच अध्यापकपदे असत. पण इतिहास नेहमी सरळ रेषेत चालत नाही. फारसी ही दुसरी भाषा म्हणून यादीत टिकली होती, म्हणूनच माधवरावांना पोटापाण्याचे साधन मिळाले. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा. गझल, रुबाई हे प्रकार त्यांनी मराठीत रुजविले, आणि फारसी वृत्तविचाराच्या परिचयाची जोड मिळालेली त्यांची 'छंदोरचना' मराठीच्या छंदःशास्त्रातील प्रमाणग्रंथ ठरली. तिच्याबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ मध्ये डी. लिट. दिली. मराठी लेखनासाठी त्या विद्यापीठाने दिलेली ही पहिली डी. लिट. होय. पदवीच्या वाटेवर ज्या भाषेला मज्जाव झाला होता तिला विद्यापीठाची ही सर्वोच्च पदवी मिळाली ती फारसीच्या एका अध्यापकाच्या हातून, आणि तीही कोल्हापुरात राहणाऱ्या. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, माधवराव वारले.

यापुढील घटना थोडक्यात सांगता येतील. मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्याने माध्यमिक शालान्त परीक्षेचे मंडळ स्थापन झाले व मॅट्रिक्युलेशनची जागा एस. एस. सी. ने घेतली. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा अशा रीतीने शाळेच्या हाती गेली. लोकांनी त्या शब्दाला दिलेला अर्थच अखेर खरा ठरला. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि येथील महाविद्यालये नव्या पुणे विद्यापीठाकडे गेली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ निघाले. इतिहासकार आप्पासाहेब पवार हे त्याचे पहिले कुलगुरू. तोवर मराठी हा पदवीचा सर्वसामान्य विषय झालेला होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या विशेषणाच्या जोरावर १८६० च्या दशकात मराठीला उठविले गेले तेच विशेषण तिला १६० वर्षांनी मिळावे, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने गंमत म्हणून तरी करावी.

परीक्षेच्या रीतीत मात्र एक नवा बदल झालेला आहे आणि तो वरील इतिहासाशी निगडित आहे. अध्यापकपदासाठी घेतल्या जाणाऱ्या 'नेट' परीक्षेत २०११ पर्यंत तिसरी प्रश्नपत्रिका वर्णनात्मक होती; जून २०१२ पासून तीही बहुपर्यायी झाली. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २०२२ पासून जी सामाईक परीक्षा सुरू झाली तिच्या भाषाविषयांत मराठीचा समावेश आहे. तेथेही उमेदवाराला पर्यायावर खूण करावयाची असते. ज्या मराठीने परीक्षेचा विषय होण्यासाठी चाळीस वर्षे वाट पाहिली तिची परीक्षा आता मराठीतले एकही वाक्य न लिहिता देता येते. तपासनिसाच्या लहरीतून सुटका, हजारो उमेदवारांचा जलद निकाल हे या पद्धतीचे लाभ खरे आहेत, आणि ज्यांना पूर्वी तपासनिसाच्या पूर्वग्रहाचा फटका बसला असेल त्यांना ते कमी वाटणार नाहीत. तरीही वाक्य रचता येते की नाही हे न तपासणारी भाषापरीक्षा नेमके काय तपासते, हा प्रश्न भाषाविभागांनी विचारावयास हवा. तर्खडकरी भाषांतरावर कितीही टीका केली, तरी त्यात निदान दोन्ही भाषांतील वाक्य उमेदवाराच्या हातून जात असे.

मुंबई विद्यापीठाच्या १९ व्या शतकातील वार्षिक 'कॅलेंडरां'मध्ये परीक्षांचे नियम, नेमलेली पुस्तके व प्रश्नपत्रिका छापलेल्या आहेत. भाषांतरासाठी दिलेले मराठी उतारे कोठून घेतले गेले, त्यांतील किती मूळ मराठीचे व किती इंग्रजीवरून बेतलेले, संस्कृत व फारसी या कागदांच्या काठिण्यात किती अंतर होते, या प्रश्नांची उत्तरे त्या पानांतून वर्षावर्षाने काढता येतील. पीएच. डी. च्या प्रबंधाला पुरेल इतकी ही सामग्री आहे. तिच्यासाठी मराठी, इंग्रजी आणि संस्कृत वा फारसी अशा तीन भाषा जाणणारा विद्यार्थी लागेल. तो नसल्यास दोघांनी मिळून हे काम करावे.